आधी लेन्स, मग कॅमेरा

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसापुढे दुकानदार बहुतेक वेळा एकाच प्रकारचं खोकं ठेवतो. त्यात एक बॉडी असते आणि तिच्यासोबत १८–५५ मिमीची किट लेन्स. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं सगळं बॉडीबद्दल असतं: मेगापिक्सेल किती, सेकंदाला फोटो किती, ४के व्हिडिओ आहे की नाही. लेन्सच्या वाट्याला एखादी बारीक ओळ येते. घरातली आणि मित्रांमधली चर्चाही याच वळणाने जाते. कॅनन घ्यावा, निकॉन घ्यावा की सोनी? डीएसएलआर की मिररलेस? पैसेही याच क्रमाने खर्च होतात. जवळपास सगळी रक्कम बॉडीवर जाते आणि पुढे एखादी चांगली लेन्स घ्यायला हात मोकळा राहत नाही. मग काही महिन्यांत लक्षात येतं की, फोटो फोनपेक्षा फारसे वेगळे येत नाहीत, आणि कॅमेरा कपाटात जातो. या लेखात मांडायचा मुद्दा एकच आहे. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना आपण खरी निवड करतो ती लेन्सची, आणि ती लेन्स ज्यावर बसते त्या माउंटची. बॉडी त्यानंतर येते. ती लवकर जुनी होते आणि ती बदलणंही सोपं असतं. हा क्रम पाळला तर कमी पैशांतही उत्तम सुरुवात होते. तो उलटा केला तर जास्त पैसे घालूनही हवं ते चित्र मिळत नाही.

मेगापिक्सेलपासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत तोच आकडा सर्वांत पुढे असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक प्राथमिक कॅमेऱ्यांचे सेन्सरही २४ मेगापिक्सेलच्या आसपास आहेत. २०१४ मध्ये आलेला सोनी ए६०००, २०१८ चे निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी, २०२३ चा कॅनन आर५० हे सगळे याच पंगतीतले. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर यातून २० इंच रुंद आणि १३ इंच उंच प्रिंट निघते. ए४ आकाराचं पूर्ण पान व्यापणाऱ्या छायाचित्राला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. ४के टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर सव्वाआठ मेगापिक्सेलच मावतात. फोनच्या पडद्याला तर याहूनही कमी लागतात. म्हणजे दुकानात ज्या आकड्याची सर्वाधिक तुलना होते, त्याची गरज सामान्य माणसापुरती केव्हाच भागलेली आहे. २४ ऐवजी ३२ मेगापिक्सेल घेतल्याने घरच्या अल्बममध्ये, भिंतीवरच्या फ्रेममध्ये किंवा मासिकाच्या पानावर डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही.

फरक पडतो तो प्रकाशाने. ठरावीक वेळेत सेन्सरवर किती प्रकाश पडला, यावर छायाचित्राचा दर्जा ठरतो, आणि तो प्रकाश आत येतो लेन्सच्या छिद्रातून, म्हणजे अ‍ॅपर्चरमधून. लेन्सवर एफ/१.८ किंवा एफ/५.६ असा जो आकडा लिहिलेला असतो, तो फोकल लेंग्थला (लेन्सच्या मिमीमधल्या आकड्याला) छिद्राच्या व्यासाने भागून येतो. म्हणून आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. किट लेन्स ५० मिमीच्या आसपास वापरली की, तिचं छिद्र एफ/५.६ च्या जवळपास, म्हणजे सुमारे ९ मिमी व्यासाचं असतं. ५० मिमी एफ/१.८ या साध्या प्राइम (एकाच फोकल लेंग्थच्या) लेन्सचं छिद्र सुमारे २८ मिमीचं. प्रकाश व्यासाच्या नव्हे तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने येतो, त्यामुळे दोघींमधला फरक साडेनऊ पटींहून जास्त होतो. संध्याकाळी घरात गणपतीची आरती चालू आहे आणि किट लेन्सला १/२० सेकंदाचा शटर स्पीड लागतो आहे असं समजू. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांचे हात त्यात हमखास पुसले जातील. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर थांबवतं. समोरच्या मुलाची हालचाल त्याला थांबवता येत नाही. त्याच खोलीत, त्याच दिव्यांत एफ/१.८ ला शटर स्पीड १/२०० च्या जवळ जातो आणि हात स्पष्ट येतात. हाच वेग किट लेन्सने मिळवायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० वरून १६००० च्या आसपास न्यावा लागेल, आणि मग चित्रावर नॉइजचे रवाळ कण दिसायला लागतात. मोठ्या छिद्राचीही एक किंमत असते. फोकसची पट्टी अरुंद होते, डोळा स्पष्ट आणि कान धूसर असं होतं. पण ते सरावाने सांभाळता येतं. खोलीत नसलेला प्रकाश सरावाने आणता येत नाही.

इथे जाणकार विचारतील की, मग फुल फ्रेम का घेऊ नये? मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो, हे खरंच आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीचा असतो. प्राथमिक कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमीचा, कॅननचा किंचित लहान. क्षेत्रफळात हा फरक सुमारे २.४ पट भरतो. आता याच फरकासमोर लेन्सचा फरक ठेवून पाहू. निकॉनच्या फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यांबरोबर २४–५० मिमी एफ/४–६.३ ही छोटी झूम लेन्स किट म्हणून येते. ५० मिमीला तिचं छिद्र एफ/६.३ वर अडतं. दुसऱ्या बाजूला एपीएस-सी बॉडीवर ३५ मिमी एफ/१.८ लेन्स लावली, तर चित्राचा कोन जवळपास तोच मिळतो. सेन्सरचा लहानपणा हिशेबात धरूनही या दुसऱ्या जोडीत पाच पटींहून अधिक प्रकाश चित्रापर्यंत पोहोचतो. म्हणजे महागडी बॉडी आणि मंद लेन्स या जोडीला स्वस्त बॉडी आणि वेगवान लेन्स सहज मागे टाकते. फुल फ्रेमचा फायदा खरा आहे, पण त्याला शोभेल अशी लेन्स घेण्याची ऐपत असेल तरच तो पदरात पडतो. फुल फ्रेमच्या चांगल्या झूम लेन्सची किंमत अनेकदा बॉडीइतकीच किंवा तिच्याहून जास्त असते. पहिल्या खरेदीत दोन्ही परवडणं क्वचितच शक्य होतं.

प्रकाशानंतर अंतर. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात आणि पुण्या-सोलापुरातले हौशी छायाचित्रकार तिथे गर्दी करतात. मोठा रोहित उभा असताना साधारण सव्वा मीटर उंच दिसतो. होडीतून तो ५० मीटरवर आहे असं धरू. एपीएस-सी कॅमेऱ्यावर किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाला चौकटीत १४ मीटर उंचीचं दृश्य मावतं, म्हणजे पक्षी चौकटीच्या उंचीच्या अकराव्या भागात उरतो. ३०० मिमी लेन्स लावली की चौकटीची उंची २.६ मीटरवर येते आणि पक्षी जवळपास निम्मी चौकट व्यापतो. ५५ मिमीवर काढलेला फोटो नंतर कापून तितकाच मोठा केला, तर २४ पैकी एक मेगापिक्सेलही हाती उरत नाही. ही तूट सेन्सरने भरून काढायची तर ७०० हून अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा लागेल. कॅननची ५५–२५० किंवा निकॉनची ७०–३०० मिमी यांसारखी साधी, एपीएस-सीसाठीच बनवलेली टेलिफोटो लेन्स मात्र हे काम साध्या बॉडीवरही करते. आणखी एक गोष्ट इथे लक्षात येते. तीच ३०० मिमी लेन्स फुल फ्रेमवर लावली तर पक्षी निम्म्याऐवजी एक तृतीयांश चौकटीत दिसतो. मर्यादित पैशांत पक्षी टिपायचे असतील तर लहान सेन्सरच सोयीचा. कोणती बॉडी चांगली, याचं उत्तर असं विषय आणि लेन्स ठरल्याशिवाय देताच येत नाही.

जवळच्या विषयांनाही हेच लागू पडतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कास पठारावर फुलणारी सीतेची आसवं जेमतेम एक सेंटीमीटरची असतात. किट लेन्स शक्य तितकी जवळ नेली तरी अशा फुलाची सेन्सरवरची प्रतिमा साडेतीन मिमीच्या आसपास येते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा सातवा भाग. मॅक्रो लेन्स तेच फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उतरवते आणि चौकटीचा बराचसा भाग फुलाने भरतो. पैसे कमी असतील तर साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावूनही बरंच जवळ जाता येतं. याउलट वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप किंवा छोट्या खोलीतलं अख्खं कुटुंब टिपायचं असेल तर १८ मिमीही अपुरी पडते आणि एपीएस-सीवर १० मिमीपासून सुरू होणारी वाइड लेन्स लागते. भिंतीला पाठ लावल्यावर आणखी मागे सरकता येत नाही, आणि ती अडचण कुठलीही बॉडी सोडवू शकत नाही. प्रकाश, अंतर, जवळीक आणि रुंदी या चारही बाबतींत काय दिसणार हे लेन्स ठरवते. लेन्सने दाखवलं ते नोंदवून ठेवण्याचं काम बॉडी करते.

लेन्सला प्राधान्य देण्याचं दुसरं कारण काळाशी निगडित आहे. बॉडी आणि लेन्स यांना जोडणारी धातूची कडी म्हणजे माउंट. त्यातच दोघींमधला विजेचा संवाद करणारे संपर्कबिंदू असतात. एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटवर सहसा बसत नाही, म्हणून पहिल्या खरेदीबरोबर माणूस एका माउंटशी बांधला जातो. निकॉनचा एफ माउंट १९५९ मध्ये आला, कॅननचा ईएफ माउंट १९८७ मध्ये. या माउंटसाठी इतक्या लेन्स बनल्या की, २०१४ मध्ये कॅननने दहा कोटी ईएफ लेन्सचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. आज जुन्या बाजारात या लेन्स मुबलक मिळतात त्या त्यामुळेच. उलट उदाहरणंही आहेत. निकॉन १ ही लहान सेन्सरची मालिका २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद झाली. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स माउंट आणला आणि काही वर्षांतच कॅमेऱ्यांच्या या धंद्यातून अंग काढून घेतलं. कॅननने २०१२ मध्ये ईएफ-एम माउंटचे छोटे मिररलेस कॅमेरे आणले, पण २०१८ मध्ये आरएफ माउंट आल्यावर त्यांची वाट खुंटली. या सगळ्या बॉड्या त्या-त्या वेळी चांगल्याच होत्या. ज्यांनी फक्त बॉडी पाहून त्या घेतल्या, त्यांच्याजवळच्या लेन्सना मात्र पुढे जायला मार्ग राहिला नाही.

काही लेन्स नव्या माउंटवर नेता येतात आणि काही येत नाहीत, यामागे एक साधं भौतिक कारण आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक माउंटमध्ये कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर पक्कं ठरलेलं असतं. डीएसएलआरमध्ये मधे आरसा असल्याने ते मोठं असतं: कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी, निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी. आरसा काढून टाकल्यावर ते खूप कमी झालं: कॅनन आरएफमध्ये २० मिमी, सोनी ई माउंटमध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६. म्हणून डीएसएलआरची लेन्स मिररलेस बॉडीवर लावायची असेल तर मधली जागा अडॅप्टरच्या नळीने भरता येते आणि लेन्स योग्य अंतरावर बसते. १९८७ मधली ईएफ लेन्स अशा अडॅप्टरने आजच्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते. ईएफ-एम लेन्स मात्र १८ मिमी अंतरासाठी घडवलेली. तिला २० मिमीच्या आरएफवर बसवायचं तर ती बॉडीच्या आत न्यावी लागेल, आणि ते शक्य नाही. जुळण्याचे आणखीही बारकावे आहेत. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे त्यांवर एएफ-एससारखी स्वतःची मोटर असलेली लेन्सच आपोआप फोकस करते. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर फोकस हातानेच करावा लागेल. तीच अडचण एफटीझेड अडॅप्टरने निकॉनच्या मिररलेसवर लावतानाही येते.

माउंट निवडताना कंपनीच्या लेन्सबरोबरच बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सही पाहाव्यात, कारण नवशिक्याला परवडणाऱ्या अनेक चांगल्या लेन्स सिग्मा आणि टॅमरॉनसारख्या कंपन्याच बनवतात. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती लेन्स उत्पादकांना विनामूल्य खुली केली. त्याचा परिणाम आज दिसतो. ई माउंटसाठी सर्व किमतींच्या लेन्स मिळतात आणि जुन्या बाजारातही त्या भरपूर आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना बराच काळ मोकळीक नव्हती. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी एपीएस-सीसाठी आरएफ लेन्स जाहीर केल्यावर चित्र बदलू लागलं. निकॉनच्या झेड माउंटसाठी सिग्माच्या एपीएस-सी प्राइम लेन्स २०२३ मध्ये आल्या. फुजीफिल्मचा २०१२ पासूनचा एक्स माउंट फक्त एपीएस-सीसाठी आहे, त्यामुळे त्या सेन्सरसाठी खास आखलेल्या लेन्सचा संच तिथे भरगच्च आहे, पण पुढे फुल फ्रेमकडे जायचं असेल तर सगळं बदलावं लागेल. यातला एकच माउंट सर्वांना योग्य, असं म्हणता येत नाही. आपल्याला हवी ती लेन्स ज्या माउंटवर आपल्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळते, तो आपला माउंट.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा येतो की, नवशिक्याला आपण कशाचे फोटो काढणार हेच ठाऊक नसतं, मग तो लेन्स कशी ठरवणार? आक्षेप रास्त आहे, पण आपल्याला वाटतं तितके आपण कोरे नसतो. ज्याला कॅमेरा घ्यावासा वाटतो त्याच्या फोनमध्ये बहुधा आधीच शेकडो फोटो असतात. त्यात मुलं किती, डोंगर किती, पक्षी किती, पदार्थ किती, हे शांतपणे पाहावं. कोणते फोटो बिघडले आणि कशामुळे, हेही पाहावं. दूरचं जवळ आणताना फुटले, अंधारात हलले की सगळं चौकटीत मावलं नाही? या तीन तक्रारींना तीन वेगळ्या लेन्स उत्तर देतात. एवढं करूनही कल स्पष्ट झाला नाही, तर किट लेन्स घेऊन काही महिने वापरणं हा उत्तम उपाय आहे, कारण १८ ते ५५ मिमीत रुंद दृश्यापासून चेहऱ्यापर्यंत सगळ्याची चव घेता येते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिमीवर काढला याची नोंद आपोआप होते. आवडलेल्या फोटोंपैकी बरेचसे १८ वर असतील तर पुढची लेन्स वाइड, ५५ वर अडून राहिलेले असतील तर टेलिफोटो, आणि ३० ते ४० च्या दरम्यान दिवेलागणीच्या वेळचे असतील तर ३५ मिमीची वेगवान प्राइम. किट लेन्सचा खरा उपयोग असा कल शोधण्यासाठी आहे. तीच कायमची लेन्स मानली, की प्रगती थांबते.

दुसरा आक्षेप नव्या बॉड्यांच्या ऑटोफोकसचा. मिररलेस कॅमेरे आता माणसाचा आणि प्राण्यांचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. धावतं मूल, कबड्डीचा सामना, उडता पक्षी टिपायचा असेल तर हा फरक खरा आणि मोठा आहे, आणि तो बॉडीमुळेच पडतो. हे मान्य करायला हवं. अशा विषयांची ओढ असेल तर जुन्या प्राथमिक डीएसएलआरपेक्षा मिररलेस निवडणं शहाणपणाचं. पण इथेही आधी विषय ठरतो आणि मग बॉडी. शिवाय हे तंत्र आता दरवर्षी नव्याने विकत घेण्याची गोष्ट राहिलेली नाही. सोनीचा ए६४०० हा २०१९ चा कॅमेरा हे काम चोख करतो, आणि असे कॅमेरे जुन्या बाजारात मिळतात. व्हिडिओला महत्त्व देणाऱ्यांनीही मिररलेसकडेच वळावं, कारण चित्रीकरण चालू असताना प्राथमिक डीएसएलआरचा फोकस बहुधा अडखळतो. वास्तू, निसर्ग, घरातले चेहरे, पदार्थ, फुलं यांसाठी मात्र दहा वर्षांपूर्वीचा ऑटोफोकसही पुरतो, आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घातले तर चित्र अधिक सुधारतं.

तिसरा आक्षेप फोनचा: आजचे फोन इतके चांगले असताना हा खटाटोप कशाला? बऱ्याच जणांसाठी फोन खरोखर पुरेसा आहे आणि त्यांनी कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. फोन एका क्षणात अनेक चित्रं घेऊन ती एकत्र करतो आणि स्थिर दृश्यात लहान सेन्सरची कमतरता बऱ्यापैकी झाकतो. समोरचा विषय हलू लागला, फार दूर गेला किंवा एखादी गोष्ट स्वतःच्या मनाप्रमाणे नियंत्रित करायची असली, की मात्र ही युक्ती अपुरी पडते. म्हणून कॅमेरा घेण्याचं समर्थन होतं ते फोनला न जमणारी लेन्स लावता येते म्हणून. किट लेन्सवर कायम थांबलेला कॅमेरा आणि चांगला फोन यांच्यात भर दिवसा फारसा फरक दिसत नाही, कारण दोघांचा चित्रकोन आणि पल्ला बऱ्याच अंशी सारखा असतो. फोनचा आक्षेप अशा रीतीने मूळ मुद्द्यालाच बळ देतो.

कुणी म्हणेल, मग १८–२०० सारखी एकच लेन्स घ्यावी, सगळंच त्यात येईल. प्रवासात तिची सोय आहे, पण तिचं छिद्र दूरच्या टोकाला एफ/५.६ किंवा त्याहूनही लहान होतं, म्हणजे प्रकाशाची मूळ अडचण तशीच राहते, आणि इतका मोठा पल्ला एका नळीत बसवताना स्पष्टतेत तडजोड करावी लागते. एकाच फोकल लेंग्थवर काम करणं ही अपुरेपणाची खूण आहे, हा समजही तपासून पाहावा. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी दीर्घकाळ वापरलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नाही. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतांश काम लायका कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने केलं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्यांनी टिपलेले फोटो जगभर पोहोचले. एक फोकल लेंग्थ पक्की असली की कुठे उभं राहिलं असता काय दिसेल हे डोळ्याला कॅमेरा उचलण्याआधीच कळू लागतं. शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. ३५ किंवा ५० मिमीची एक प्राइम लेन्स इतक्या कमी किमतीत इतकं काही शिकवते की, नवशिक्याने ती पहिल्या वर्षातच घ्यावी.

आता खरेदीच्या व्यवहाराकडे. कॅनन आणि निकॉन यांनी आपला भर मिररलेसकडे वळवला आहे, त्यामुळे नवा कॅमेरा घ्यायचा तर मिररलेस घेणं योग्य. पैसे कमी असतील तर जुना डीएसएलआर आजही भरवशाचा आहे. त्याची बॅटरी दमदार असते (प्रमाणित चाचणीत डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो देतो), लेन्स मुबलक आहेत आणि त्या पुढे अडॅप्टरने मिररलेसवर नेता येतात. मुंबईतल्या फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ओळखीच्या माणसाकडून जुनी वस्तू घेताना शटर काउंट विचारावा. अनेक प्राथमिक डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख उघडझापींचा विचार करून बनवलेलं असतं. लेन्स पाहताना मागच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आहेत का ते बघावं. ती बुरशी असते आणि ती पसरली की काचेवरचा लेप खाते. कोकण, गोवा आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते, म्हणून आपलीही लेन्स चामड्याच्या बंद पिशवीत अंधारात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राखली तर लेन्स वर्षानुवर्षं टिकते. नवी वस्तू फार स्वस्त मिळत असेल तर बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते तपासावं.

या सगळ्याचा हिशेब पैशांच्या वाटणीत दिसायला हवा. हातात ६० हजार रुपये असतील तर बॉडीवर ३० हजारांहून जास्त जाऊ देऊ नयेत, मग त्यासाठी चांगल्या अवस्थेतली जुनी बॉडी घ्यावी लागली तरी चालेल. उरलेल्यात विषयाला साजेशी एक लेन्स, जादा बॅटरी, कार्ड आणि हवाबंद डबा बसवावा, आणि जे उरेल ते दुसऱ्या लेन्ससाठी राखून ठेवावं. दुकानात प्रश्नही याच क्रमाने विचारावेत. मला काय टिपायचं आहे? त्याला कोणती लेन्स लागते? ती लेन्स कोणत्या माउंटवर परवडते आणि तो माउंट पुढे चालू राहणार आहे का? त्या माउंटची कोणती बॉडी उरलेल्या पैशांत बसते आणि हातात नीट धरता येते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पुढे ते सुधारता येतं, कारण बॉडी बदलली तरी लेन्स तशाच राहतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर न देता शेवटच्यापासून सुरुवात केली, तर चूक दुरुस्त करायला सगळंच विकावं लागतं. पाच-सहा वर्षांनी नवी बॉडी घेताना जुन्या लेन्सपैकी एकही विकावी लागली नाही, तर पहिला कॅमेरा बरोबर निवडला होता असं खुशाल समजावं.